सामना संपण्याआधी मैदान का रिकामे होते?

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमवर आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना चालू आहे, असे समजा. एक संघ यवतमाळचा, दुसरा पुसदचा. सामना सुरू झाला तेव्हा पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आता खेळ संपायला ६ मिनिटे उरली आहेत आणि यवतमाळचा संघ १५ गुणांनी मागे पडला आहे. पायऱ्यांवर चुळबुळ सुरू होते. वरच्या कोपऱ्यातून दोघे उठतात, मग चौघे, मग एक संपूर्ण रांग. बघता बघता अर्ध्या पायऱ्या उघड्या पडतात. मैदानावरचे खेळाडू मात्र अजून दम धरून चढाया करीत आहेत. कपाळावरचा घाम पुसताना त्यांचे लक्ष पायऱ्यांकडे जाते.

अशा वेळी कोणी तरी चिडून म्हणते, "हे कसले पाठीराखे? जिंकताना घसा कोरडा करायचा आणि हरताना पाठ दाखवायची!" त्यावर दुसरा म्हणतो, "निकाल लागल्यातच जमा आहे. बसून काय करायचे?"

यांपैकी खरे कोणाचे? हा प्रश्न फक्त यवतमाळचा नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल सामन्यांना हजारो विद्यार्थी येतात आणि अनेकदा शेवटच्या सत्राआधीच घरी जातात. तेथील प्रशिक्षक त्याबद्दल उघडपणे नाराजीही व्यक्त करतात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारताचा पराभव दिसू लागताच तेथेही कितीतरी प्रेक्षक उठून गेले. तेव्हा हा माणसाच्या वागणुकीचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार शास्त्रीय पद्धतीने करता येतो.

शास्त्राची पहिली शिस्त अशी की, निवाडा देण्याआधी कारणे वेगवेगळी करायची. आपणही तसेच करू या.

आशा किती उरली?

पहिले कारण अगदी साधे, म्हणजे गणिताचे आहे. पुरुषांच्या कबड्डीत २० मिनिटांचे दोन डाव असतात आणि एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. प्रत्येक चढाई पुरी ३० सेकंदांची धरली, तर ६ मिनिटांत १२ चढाया होतील. त्यांपैकी ६ आपल्या आणि ६ प्रतिस्पर्ध्यांच्या.

आता सगळे काही आपल्याच मनासारखे घडते असे समजू. आपल्या सहाही चढायांत एकेक गडी बाद होतो आणि त्यांच्या सहाही चढाईपटूंची आपण पकड करतो. त्यांना एकही गुण मिळत नाही. असे झाले तर आपल्याला १२ गुण मिळतील. सातही गडी बाद झाले की लोण चढतो आणि त्याचे २ गुण अधिक. एकूण झाले १४. पिछाडी मात्र १५ गुणांची होती! म्हणजे सारे अनुकूल घडूनही एक गुण कमीच पडतो.

तर मग सामना संपला का? नाही. एकाच चढाईत दोन-तीन गडी टिपता येतात, बोनस गुणही असतो, आणि चढाई १० सेकंदांत आटोपली तर चढायांची संख्या वाढते. उलट आघाडीवर असलेला संघ नेमका वेळ काढत राहतो. तेव्हा शक्यता शून्य नाही, पण फार लहान आहे. पायऱ्यांवर बसलेला प्रेक्षक कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब करीत नाही. अनेक सामने पाहून त्याच्या मनात असा अंदाज आपोआप तयार झालेला असतो.

क्रिकेटमध्ये हे गणित निराळे असते. तेथे फलंदाजी करणाऱ्या संघाचे गडी शिल्लक असेपर्यंत काही ना काही आशा राहते. कबड्डीत गडी पुन्हा जिवंत होतात, पण गेलेला वेळ परत येत नाही. म्हणून वेळेवर बांधलेल्या खेळांत मैदान ठरावीक क्षणी झपाट्याने रिकामे होऊ लागते. खेळाची रंगत ही पुष्कळ अंशी अनिश्चिततेची रंगत असते. निकाल ठरला की ती ओसरते.

आता आणखी थोडे पुढे जाऊ. उदाहरणासाठी धरा की, अशा स्थितीतील २० सामन्यांपैकी एकच सामना फिरतो. दर वेळी १० मिनिटे आधी निघणारा माणूस २० सामन्यांत २०० मिनिटे, म्हणजे ३ तास २० मिनिटे वाचवतो. पण जन्मभर सांगण्यासारखा एक सामना गमावतो. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा? गणित येथे थांबते. एखादी गोष्ट किती वेळा घडेल हे गणित सांगते. ती तुम्हांला किती मोलाची आहे हे ते सांगत नाही. ते तुमचे तुम्हीच ठरवायचे असते.

एक उठला की दुसरा

पण केवळ आशा संपली म्हणून मैदान रिकामे होते असे म्हटले, तर एक कोडे उरते. गुणफलक सर्वांना एकाच वेळी दिसतो. मग सगळे एकदम का उठत नाहीत? आणि कधी कधी तसाच गुणफलक असूनही कोणीच का उठत नाही?

याचे एक सुंदर उत्तर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली मांडले. त्यांची कल्पना अशी : प्रत्येक माणसाच्या मनात एक उंबरठा असतो. आपल्याआधी किती जणांनी एखादी गोष्ट केली म्हणजे आपण ती करू, ती संख्या म्हणजे त्याचा उंबरठा. कोणाचीही वाट न पाहता उठणाऱ्याचा उंबरठा शून्य. एक जण गेल्यावर उठणाऱ्याचा उंबरठा एक. नऊ जण गेल्याशिवाय न हलणाऱ्याचा नऊ.

एका पायरीवर १० मुले बसली आहेत आणि त्यांचे उंबरठे अनुक्रमे ०, १, २, ३, ४, ५, ६, ७, ८ आणि ९ आहेत असे समजा. शून्य उंबरठ्याचा मुलगा उठला. आता एक जण गेलेला आहे, म्हणून एक उंबरठ्याचा उठला. दोघे गेलेले पाहून दोनचा उठला. असे करीत करीत दहाही मुले गेली. पायरी रिकामी!

आता दुसरी पायरी घ्या. तेथेही १० मुले आहेत. पण उंबरठे ०, २, २, ३, ४, ५, ६, ७, ८ आणि ९ असे आहेत. म्हणजे फक्त एका मुलाचा उंबरठा एकाऐवजी दोन आहे. काय होईल? शून्यवाला उठेल. पण आता एकच जण गेला आहे आणि दोन उंबरठ्याची मुले दोघांच्या जाण्याची वाट पाहत आहेत. साखळी तेथेच तुटेल. नऊ मुले शेवटपर्यंत बसून राहतील.

हा फरक नीट ध्यानात घ्या. पहिली पायरी पाहून कोणी म्हणेल, "ही मुले बेइमान आहेत." दुसरी पाहून म्हणेल, "यांना म्हणावे खरे पाठीराखे!" प्रत्यक्षात दोन्ही पायऱ्यांवरची मुले जवळजवळ सारखीच आहेत, फरक एका मुलाच्या मनातील एका आकड्याचा आहे. गर्दी जे करते त्यावरून गर्दीतील प्रत्येकाच्या मनाची परीक्षा करता येत नाही, हा या उदाहरणाचा धडा. त्याचीच दुसरी बाजू अशी की, न उठणारा एक माणूससुद्धा कधी कधी सबंध रांग थोपवून धरतो.

दरवाजा आणि शेवटची गाडी

तिसरे कारण मनात नसून रस्त्यावर असते. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. पुसद, वणी ही गावे जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत. उमरखेड, झरी जामणीकडचा विद्यार्थी सामना पाहायला आला, तर त्याची नजर गुणफलकाइतकीच घड्याळाकडे असते. शेवटची एस.टी. चुकली तर रात्र स्थानकावर काढावी लागते. तालुक्याला उतरून पुढे फाट्यापासून गावापर्यंत चालत जायचे असेल, तर अंधार पडण्याआधी निघणेच शहाणपणाचे. मुलींच्या बाबतीत तर घरच्या माणसांनी वेळ नेमून दिलेली असते. यांपैकी कोणी लवकर निघाले, तर त्याचा संघावरच्या प्रेमाशी काय संबंध?

यातही थोडे गणित आहे. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी एक मार्गदर्शिका वापरतात. तिच्या हिशेबात सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे आणि जिन्यावरून ६६ माणसे बाहेर पडू शकतात. समजा, एका मैदानाला २ मीटर रुंदीचे एकच फाटक आहे आणि आत ३,००० प्रेक्षक आहेत. मिनिटाला १६४ माणसे बाहेर पडतील. म्हणजे सर्वांना बाहेर पडायला १८ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. त्यांपैकी १,००० जण आधीच निघून गेले असतील, तर उरलेल्या २,००० जणांना सुमारे १२ मिनिटे पुरतील. गंमत पाहा! लवकर निघणारा माणूस मागे राहणाऱ्यांची ६ मिनिटे वाचवतो. गर्दी एकदम न सुटता हळूहळू सुटली, तर चेंगराचेंगरीचा धोकाही कमी होतो.

हा धोका खराच असतो. २ जानेवारी १९७१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात आयब्रॉक्स मैदानावर रेंजर्स आणि सेल्टिक या संघांचा फुटबॉल सामना झाला. सामना संपत असतानाच सेल्टिकने गोल केला आणि लगेच रेंजर्सने बरोबरी साधली. त्यानंतर बाहेर पडणाऱ्या गर्दीत एका जिन्यावर माणसे एकमेकांवर कोसळली आणि ६६ जणांना प्राण गमवावे लागले. लवकर निघालेले लोक बरोबरीच्या गोलाचा जल्लोष ऐकून मागे फिरले आणि खाली येणाऱ्यांवर आदळले, असे स्पष्टीकरण लगेच पसरले. ऐकायला ते पटण्यासारखे होते. पण चौकशीत असे दिसून आले की, सारी गर्दी एकाच दिशेने, म्हणजे खालीच चालली होती. लवकर निघालेल्या लोकांवर आलेला ठपका खोटा ठरला. दोष होता तो अतिगर्दीचा आणि त्या जिन्याचा. पटणारे स्पष्टीकरण खरे असतेच असे नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कायम लक्षात ठेवावी.

"आम्ही जिंकलो", "ते हरले"

येथवर लवकर निघणाऱ्यांची बाजू झाली. पण एक चौथे कारणही आहे, आणि ते आपल्या मनाला थोडे टोचणारे आहे.

तुमच्या शाळेचा संघ जिंकला की तुम्ही काय म्हणता? "आपण जिंकलो!" आणि हरला की? पुष्कळदा तोंडून निघते, "ते हरले" किंवा "आपल्या पोरांनी घाण केली." जिंकताना 'आपण' आणि हरताना 'ते'! हा बदल खरोखर होतो का, याची परीक्षा रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांचा निबंध १९७६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सात विद्यापीठांत त्यांनी फुटबॉल सामन्यानंतरच्या सोमवारी वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे कपडे पाहिले. आपल्या विद्यापीठाचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून येणाऱ्यांचे प्रमाण विजयानंतर जास्त आणि पराभवानंतर कमी आढळले. मग त्यांनी विद्यार्थ्यांना दूरध्वनी करून सामन्याचे वर्णन करायला सांगितले. विजयाचे वर्णन करताना 'आम्ही' हा शब्द अधिक वेळा आला.

या प्रयोगात एक बारीक खुबी होती. सामन्याबद्दल विचारण्याआधी विद्यार्थ्यांची एक छोटी प्रश्नोत्तरी घेतली होती. त्यात तुम्हांला कमी गुण मिळाले असे ज्यांना सांगितले गेले, त्यांच्यात 'आम्ही जिंकलो' आणि 'ते हरले' हा फरक अधिक ठळक दिसला. म्हणजे स्वतःची मान थोडी खाली गेली की माणूस दुसऱ्याच्या विजयाच्या उजेडात उभा राहू पाहतो आणि दुसऱ्याच्या पराभवाच्या सावलीतून दूर सरकतो. पुढे १९८६ साली सी. आर. स्नायडर आणि सहकाऱ्यांनी या दूर सरकण्याचाही अभ्यास केला.

आपल्याकडे 'जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो' अशी म्हण आहे. म्हण टोमणा मारते. विज्ञान त्यामागचे कारण सांगते. पराभव पाहणे खरोखरच दुखते आणि दुखणाऱ्या गोष्टीपासून दूर जाणे हा मनाचा स्वभाव आहे. हे कळले की असा माणूस दुष्ट वाटत नाही. पण स्वभाव आहे म्हणून तो तसाच राहू द्यावा, असेही नाही.

प्रेक्षक असण्याने फरक पडतो का?

कोणी विचारील, "आम्ही बसलो काय आणि गेलो काय, खेळ तर खेळाडूच खेळणार ना?" या प्रश्नाचे उत्तर देणारा एक प्रयोग नकळत घडून आला. २०२० साली कोरोनाच्या साथीमुळे युरोपातील अनेक फुटबॉल सामने रिकाम्या मैदानांत खेळवले गेले. संघ तेच, मैदाने तीच, फक्त प्रेक्षक नाहीत. या सामन्यांचा अभ्यास केल्यावर असे दिसले की, घरच्या मैदानावर खेळण्याचा जो फायदा यजमान संघाला एरवी मिळतो, तो अनेक स्पर्धांत कमी झाला. शिवाय पाहुण्या संघाच्या खेळाडूंना पंचांनी पिवळी कार्डेही पूर्वीपेक्षा कमी दाखवली. प्रेक्षकांच्या आवाजाचा परिणाम खेळाडूंइतकाच, कदाचित त्याहूनही अधिक, पंचांवर होतो असा त्याचा अर्थ लावला जातो. तेव्हा तुमचे असणे-नसणे अगदीच वाया जात नाही. मात्र हा परिणाम लहान असतो. १५ गुणांची पिछाडी टाळ्यांनी भरून निघत नाही.

निष्ठा म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'निष्ठा' हा शब्द संस्कृतातील 'स्था', म्हणजे उभे राहणे, या धातूपासून बनला आहे. निष्ठा म्हणजे एखाद्या ठिकाणी घट्ट उभे राहणे. आणि आपल्या मराठीत समर्थकाला 'पाठीराखा' म्हणतात. जो पाठीमागून राखण करतो तो. दोन्ही शब्दांत थांबण्याची कल्पना आहे. पण किती वेळ थांबायचे? शेवटच्या चढाईपर्यंत, की त्याहून अधिक?

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या विषयावर एक छोटेसे पण फार गाजलेले पुस्तक लिहिले. नायजेरियातील रेल्वेचा कारभार त्याने जवळून पाहिला होता. उत्तरेकडचा भुईमूग शेकडो मैल दूरच्या बंदरावर न्यायचा असे. रेल्वेचे काम ढिसाळ होते, म्हणून व्यापारी मालमोटारींकडे वळले. एरवी आपण म्हणू की, गिऱ्हाईक गेले म्हणजे रेल्वे सुधारेल. तसे झाले नाही. जे सर्वांत मोठ्याने तक्रार करू शकले असते, तेच आधी निघून गेले; मागे सुधारणेसाठी भांडणारे कोणी उरले नाही.

यावरून हर्शमनने असे मांडले की, एखादी गोष्ट बिघडू लागली म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा ही या दोहोंच्या मध्ये काम करते. ती माणसाला चटकन निघून जाऊ देत नाही आणि त्यामुळे आवाज उठवायला अवसर मिळतो. म्हणजे निष्ठा म्हणजे मुकाट्याने बसून राहणे नव्हे. "आपला बचाव डाव्या कोपऱ्यात कच्चा आहे, सराव वाढवा", असे सामन्यानंतर येऊन सांगणारा विद्यार्थी टीका करतो. पण तो निष्ठावान असतो. संघाचे नावच टाकून देणारा काही बोलत नाही. पण तो गेलेला असतो.

तसेच, नुसते बसून राहणे म्हणजेही निष्ठा नव्हे. "तिकिटाचे पैसे भरले आहेत, म्हणून शेवटपर्यंत बसायचे", असे म्हणणारा माणूस संघाशी नव्हे, खर्च झालेल्या पैशांशी निष्ठा ठेवत असतो. ते पैसे बसूनही परत मिळत नाहीत आणि उठूनही नाहीत.

आपल्या विदर्भाचे उदाहरण घ्या. विदर्भाचा संघ रणजी करंडक स्पर्धेत १९५७-५८ च्या हंगामापासून खेळू लागला. पहिले विजेतेपद मिळाले ते १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूरला दिल्लीचा पराभव करून. मध्ये तब्बल साठ वर्षे गेली! या साठ वर्षांत खेळाडू बदलले, पिढ्या बदलल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांना सराव देणारे शिक्षक, खेळपट्टी पाण्याने भिजवून रूळ फिरवणारे कामगार, पंच, गुणलेखक आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात विदर्भाचा निकाल शोधणारे वाचक मात्र येत राहिले. त्यांपैकी कितीजण एखाद्या कंटाळवाण्या दुपारी शेवटचे षटक न पाहता घरी गेले असतील, याची मोजदाद कोण करील? मोजायचे ते हे, की पुढच्या हंगामात ते पुन्हा आले.

आणखी एक सामना पाहा. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर रणजीचा अंतिम सामना झाला. विदर्भापुढे विजयासाठी ५३८ धावांचे लक्ष्य होते. चौथ्या दिवसअखेर ५ बाद २४८ अशी अवस्था होती. हिशेब करणारा प्रेक्षक पाचव्या दिवशी मैदानावर गेलाच नसता. पण कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. वाडकरने १०२ धावा केल्या, दुबेने ६५. अखेर विदर्भाचा डाव ३६८ धावांवर संपला आणि मुंबईने १६९ धावांनी सामना जिंकला. गणित खरे ठरले. पण ज्याने तो सकाळचा खेळ पाहिला, त्याला पराभवातही काही तरी मिळाले. पुढच्याच हंगामात, मार्च २०२५ मध्ये, नागपूरजवळच्या जामठा मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने पुन्हा रणजी करंडक जिंकला. कर्णधार तोच होता.

तेव्हा निष्ठेचे माप घड्याळाच्या शेवटच्या १० मिनिटांत नसते. ते वर्षांत असते. शेवटची एस.टी. पकडायला निघालेली, पण पुढच्या सामन्याला पुन्हा येणारी मुलगी ही पाठीराखी आहे. शेवटपर्यंत बसून हरणाऱ्या खेळाडूंची टर उडवणारा मात्र केवळ उपस्थित आहे. आणि ज्याला कसलीही घाई नाही, गाडी चुकायची नाही, तो केवळ 'ते हरले' म्हणायची सोय व्हावी म्हणून उठत असेल, तर त्याने स्वतःला एक प्रश्न जरूर विचारावा : मी हरत असताना माझ्यासाठी कोणी थांबावे असे मला वाटते का?

करून पाहा

पुढच्या आंतरशालेय स्पर्धेच्या वेळी चार-पाच जणांचा गट करा आणि पुढील निरीक्षणे नोंदवा.

१. सामन्याच्या दुसऱ्या डावात दर २ मिनिटांनी एका ठरावीक पायरीवरच्या प्रेक्षकांची संख्या मोजा. त्याच वेळी दोन्ही संघांच्या गुणांतील फरक लिहा. आडव्या अक्षावर वेळ घेऊन दोन्हींचे आलेख एकाखाली एक काढा. गुणांतील फरक वाढल्यावर संख्या लगेच घटते की काही वेळाने?

२. बाहेर जाणाऱ्या २० जणांना नम्रपणे कारण विचारा. 'निकाल ठरला', 'गाडी', 'घरचे काम', 'ऊन', 'मित्र निघाले' असे रकाने करा. नावे लिहू नका.

३. ज्या सामन्यात चुरस शेवटपर्यंत टिकली, त्याचीही अशीच नोंद ठेवा. दोन्हींची तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. ऊन आणि गाडीची वेळ दोन्ही सामन्यांत सारखी होती का, तेही तपासा.

४. दुसऱ्या दिवशी वर्गात कान उघडे ठेवा. सामन्याबद्दल बोलताना 'आपण' किती वेळा आले आणि 'ते' किती वेळा? स्वतःच्या बोलण्याचीही नोंद घ्या. ती सर्वांत अवघड असते.

५. हरलेल्या संघाच्या पुढच्या सामन्याला आधीच्या सामन्यातील किती प्रेक्षक पुन्हा आले, ते मोजण्याची एखादी युक्ती शोधा.

शिक्षकांनी या नोंदी वर्गात फळ्यावर एकत्र कराव्यात आणि लवकर उठणाऱ्या प्रेक्षकांना चांगले-वाईट ठरवण्याआधी आकडे काय सांगतात ते विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावे. पाचव्या निरीक्षणाला मात्र घाई करू नये. त्यासाठी निदान एक संपूर्ण हंगाम थांबावे लागेल.